संगणक, तांबे आणि पाणी

एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे हदगावात उन्हाळा पुरता बसलेला असतो. शाळेच्या व्हरांड्यातला रांजण ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि संगणक कक्षातला कूलर दिवसभर घरघरत असलेला. अशाच एका दुपारी अकरावीतला एक विद्यार्थी वही घेऊन आला. त्याला सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने संगणक जोडायचा होता, तोही पाण्याने थंड होणारा. भागांची यादी त्याने नीट आखून लिहिली होती. पंप, रेडिएटर, नळ्या, रंगीत द्रव, सारे काही होते. यादी वाचून होते न होते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उन्हाळ्यात माणसाला टँकर लागतो, अन् ह्याच्या संगणकाला पाणी कुठून आणायचं?"

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आमच्या भागातले कोणी विसरलेले नाही.

म्हणजे प्रश्न दोन झाले. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाचे भाग कसे निवडावेत हा पहिला, आणि असा संगणक पाणी 'पितो' का हा दुसरा. दोन्हींची उत्तरे संगणकाच्या इतिहासातच सापडतात, कारण आज हौशी मुलगा ज्या अडचणींपुढे उभा राहतो, त्या सगळ्या मोठमोठ्या यंत्रांच्या कारागिरांना आधी भोवलेल्या आहेत.

उष्णतेचा जुना हिशेब

संगणक वीज घेतो आणि उत्तर देतो. उत्तरात वीज साठून राहत नाही. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. हिशेबापुरते पाहिले तर ४०० वॉटचा संगणक आणि ४०० वॉटची शेगडी यांत खोली तापवण्याच्या बाबतीत काहीच फरक नाही.

हे पहिल्या पिढीपासून खरे आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो सुमारे १५० किलोवॉट वीज घेई. ती उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे लावावे लागले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. आता फळ्यावर एक गणित मांडू. लहान व्हॉल्व्हमधली तार तापवायला साधारणपणे ६.३ व्होल्ट दाबाने ०.३ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे १.९ वॉट. २,७०० व्हॉल्व्हचे झाले सुमारे ५ किलोवॉट. बेरीज-वजाबाकीला सुरुवात होण्याआधीच पाच शेगड्या पेटल्या म्हणायच्या.

त्या काळी उष्णता नेण्याचे काम मुख्यतः हवा करी. पण हवा हा फार दुबळा हमाल आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात, तर एक लिटर हवेला जेमतेम १.१५ ज्यूल पुरतात. म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या साडेतीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. आमच्या विद्यार्थ्याचा ४०० वॉटचा संगणक घ्या. वाहत्या पदार्थाचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर दर सेकंदाला ३५ लिटर हवा तरी फिरवावी लागेल. तेच काम पाण्याने करायचे तर सेकंदाला दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे पुरतात!

पाणी आले

ट्रान्झिस्टर आले, मग एका चिपवर अनेक ट्रान्झिस्टर मावू लागले, तेव्हा उष्णता कमी होईल असे वाटले होते. प्रत्येक ट्रान्झिस्टरची उष्णता कमी झालीही, पण ते इतके जवळ आले की नखाएवढ्या जागेची उष्णता वाढली. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांपर्यंत थंड पाण्याच्या नळ्या जाऊ लागल्या होत्या.

१९७६ मध्ये सेमूर क्रे यांचा क्रे-१ आला. सुमारे ११५ किलोवॉटचे हे यंत्र अर्धवट वर्तुळाकार होते आणि त्याच्याभोवती बसायला बाक असावा तशी बैठक होती. त्या बैठकीखाली वीजपुरवठ्याचे भाग होते. आत ॲल्युमिनिअमच्या उभ्या दांड्यांमध्ये पोलादी नळ्या बसवून त्यांतून शीतकपाटात वापरतात तो फ्रीऑन फिरवला होता. परिपथांइतकेच डोके या नळकामावर खर्ची पडले. ॲल्युमिनिअम आणि पोलाद यांच्या जोडणीतून गळती होऊ न देणे हेच मोठे कोडे होते. पुढे १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर परिपथच वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून ठेवले होते.

आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्राची रचना शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तिथे पाणी चिपला शिवत नव्हते. सिरॅमिकच्या एका पाटीवर शंभराहून अधिक चिप बसवलेल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनिअमचा दट्ट्या टेकलेला असे, आणि वरच्या पट्टीतून पाणी वाहत असे. दट्ट्या आणि चिप यांच्यामध्ये उरणाऱ्या केसाएवढ्या फटीत हवा राहू नये म्हणून तो सारा डबा हेलिअमने भरलेला होता, कारण हेलिअम हवेच्या सुमारे सहापट चांगला उष्णतावाहक आहे. केवढा हा खटाटोप, आणि तो केवळ एका बारीक फटीसाठी!

पाणी गेले आणि परत आले

याच सुमारास भारतात वेगळे नाट्य घडत होते. हवामानाच्या गणितांसाठी आपल्याला महासंगणक हवा होता. तो अमेरिकेकडून सहजासहजी आणि हवा तसा मिळेना. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याची कल्पना अशी की एकच फार वेगवान आणि फार तापणारा मेंदू बनवण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाच्या साध्या चिप मोठ्या संख्येने शेजारी शेजारी बसवाव्यात आणि काम वाटून द्यावे. उष्णतेच्या दृष्टीनेही हा शहाणपणा होता. एका जागी ढीग पडण्याऐवजी उष्णता पसरली.

१९९० च्या दशकात चिप बनवण्याची रीतही बदलली. सीमॉस पद्धतीच्या चिप फार कमी वीज घेत. मोठ्या यंत्रांतून पाण्याच्या नळ्या निघून गेल्या आणि पंखे परत आले. टेबलावरच्या संगणकाला तर सुरुवातीला पंखाही लागत नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीतली मुख्य चिप उघडीच असे. पेंटिअमच्या काळात तिच्यावर धातूचे पंख आणि छोटा पंखा बसला.

हे सुख फार टिकले नाही. २००५ च्या आसपास ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण त्यांना लागणारा दाब त्या प्रमाणात कमी होईना. एका चिपची उष्णता शंभर वॉटपलीकडे गेली. हौशी मंडळींनी त्याआधीच मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप लावून घरगुती प्रयोग सुरू केले होते. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी ५ हे यंत्र द्रवाने थंड केलेले असे बाजारात आणले. त्यांपैकी काही यंत्रांत पुढे द्रव गळून आतले भाग खराब झाले. जुन्या क्रेच्या कारागिरांना त्याचे नवल वाटले नसते. आज बाजारातल्या एखाद्या जोरकस ग्राफिक्स कार्डालाच ४५० वॉट लागतात.

एकाच रस्त्यावरची तीन यंत्रे

पाणी कसे परतले हे पाहायला परदेशी जायला नको. पुण्यात पाषाणला डॉ. होमी भाभा मार्गावर दोन संस्था आहेत. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा क्रे बनावटीचा महासंगणक सुरू झाला. त्यात हवा कपाटांमधून आडवी वाहते आणि दोन कपाटांच्या मध्ये ठेवलेल्या पाण्याच्या वेटोळ्यांवरून जाताना थंड होते. म्हणजे चिपची उष्णता आधी हवेत, मग पाण्यात जाते. २०१९ मध्ये त्याच रस्त्यावरच्या आयसरमध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानातला 'परम ब्रह्म' बसला. तिथे द्रव थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत जातो. मधली हवा गळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' आला. सेकंदाला ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे ११.७७ गुणिले एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड करण्याची त्याची क्षमता आहे, आणि तिथेही चिपजवळ पाणीच आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ६ किलोमीटर चौकटीची भारत अंदाज प्रणाली याच यंत्रावर चालते. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. हदगावच्या शेतकऱ्याला पेरणीआधी जो पावसाचा अंदाज हवा असतो, त्याच्यामागे असे हे पाण्याने थंड केलेले तांबे-सिलिकॉन आहे.

यादीवरून हात फिरवताना

आता विद्यार्थ्याच्या वहीकडे वळू. इतिहासातली एकेक अडचण त्याच्या यादीतल्या एकेका ओळीशी जुळते.

पहिली ओळ वॉटर ब्लॉकची, म्हणजे चिपवर बसणाऱ्या पोकळ पट्टीची. ती तांब्याची घ्यावी. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनिअमची २३५ आणि हवेची ०.०२६ आहे (एकक वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन). या आकड्यांतच आयबीएमच्या हेलिअमचे रहस्य आहे. आपल्याला हेलिअम नको, पण चिप आणि ब्लॉक यांमध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर हवाच. तो लोण्यासारखा जाड थापू नये. लेपाचे काम फक्त फटीतली हवा हाकलण्याचे आहे. ब्लॉक आपल्या मदरबोर्डाच्या सॉकेटला बसतो की नाही हे पैसे देण्याआधीच पाहावे.

दुसरी ओळ रेडिएटरची, आणि पहिल्यांदाच जोडणारे बहुतेक जण इथेच चुकतात. विद्यार्थ्याने ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला ॲल्युमिनिअमचा लिहिला होता. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात आले की विद्युत घट तयार होतो. दोघांच्या प्रमाण विभवांत दोन व्होल्टचे अंतर आहे (तांबे +०.३४, ॲल्युमिनिअम −१.६६). ॲल्युमिनिअम हळूहळू खाल्ले जाते, पाणी गढूळ होते आणि एक दिवस रेडिएटरला भोक पडते. दहावीच्या पुस्तकातली धातूंची क्रियाशीलता श्रेणी इथे हजारो रुपये वाचवते. तेव्हा ब्लॉक तांब्याचा तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा, हा नियम.

रेडिएटरचा आकार उष्णतेवर ठरतो. ढोबळ मानाने १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे १०० ते १५० वॉट धरावेत. ४०० वॉटला तीन पंख्यांचा रेडिएटर लागेल, चार झाले तर पंखे सावकाश फिरतील आणि आवाज कमी होईल. आमच्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काळ्या मातीची धूळ आणि वेचणीच्या दिवसांत उडणारा कापसाचा तंतू रेडिएटरच्या फटींत अडकून बसतो. म्हणून फार दाट पात्यांचा रेडिएटर घेऊ नये, आणि पंख्यापुढे काढून धुता येईल अशी जाळी लावावी.

तिसरी ओळ पंपाची. इथे मुले उगाच जास्त पैसे घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरले तर ४०० वॉट घेऊनही त्याचे तापमान एका फेरीत दीड अंशसुद्धा वाढत नाही. त्यामुळे आधी प्रक्रियक की आधी ग्राफिक्स कार्ड, या वादाला फारसा अर्थ नाही. सगळीकडे पाणी जवळजवळ सारखेच असते. पंपाबाबत दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. पाण्याची टाकी पंपाच्या वर असावी, आणि पंप कोरडा फिरवू नये, कारण अशा पंपांचे वंगण म्हणजे आतले पाणीच.

चौथी ओळ नळ्या आणि सांध्यांची. क्रे-१ ते जी ५, सगळ्यांना नडली ती गळती. नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास सांध्याच्या मापाशी तंतोतंत जुळला पाहिजे. पारदर्शक मऊ नळी दिसते छान, पण तिला मऊपणा देणारा द्रव्यांश काही महिन्यांत पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचा बुजवतो. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी, पण टिकाऊ. सगळे जोडून झाल्यावर फक्त पंपाला वीज द्यावी, सांध्यांखाली टीपकागद ठेवावा आणि चोवीस तास वाट पाहावी. कागद कोरडा राहिला तरच बाकीच्या भागांना वीज द्यावी. हे चोवीस तास वाचवू पाहणाऱ्याचा संगणक अनेकदा पहिल्याच दिवशी शेवटचा श्वास घेतो.

पाचवी ओळ रंगीत द्रवाची. ती आम्ही खोडली. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मात्र चालणार नाही. आमच्या पाण्यातले क्षार भांड्यांवर कसे पांढरे थर देतात ते घरोघरी माहीत आहे. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारे तयार द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात घालावे. एकूण पाणी लागते साधारण एक लिटर, आणि तेही वर्षाकाठी बदलायचे.

लातूरच्या वाघिणी

म्हणजे मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. बंद फेऱ्यातले पाणी उष्णता वाहते, खर्च होत नाही. त्याच खोलीतला कूलर एका दुपारी बादल्या रिकाम्या करतो, कारण तो पाणी वाफ करून उडवतो. रांजणही तेच करतो.

उरलेले अर्धे उत्तर मोठ्या संगणक केंद्रांबाबत आहे आणि ते तितके सुखाचे नाही. अनेक केंद्रांत आतला फेरा बंद असतो, पण शेवटी उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाते, आणि तो टॉवर म्हणजे एक भला मोठा कूलरच. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. १ मेगावॉट उष्णता सगळी बाष्पीभवनाने उडवायची तर तासाला दीड हजार लिटर, दिवसाला ३६,००० लिटर पाणी जाईल. मांजरा धरण आटले तेव्हा लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी पोचलेल्या पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे वाघिणीला ५०,००० लिटर. एका मेगावॉटला रोज जवळजवळ पाऊण वाघीण! आज मोठी केंद्रे दहापट, शंभरपट आकाराची होत आहेत, तेव्हा हे गणित प्रत्येक नागरिकाला करता आले पाहिजे.

यातून वाट आहे, आणि ती विरोधाभासासारखी वाटते. पाणी फार थंड ठेवायचा हट्ट सोडायचा. झुरिकच्या विद्यापीठात २०१० मध्ये आयबीएमने बसवलेल्या 'ॲक्वासार' यंत्रात ६० अंशांपर्यंतचे पाणी वापरले होते. २०१२ मध्ये म्युनिकजवळच्या गार्खिंग येथील 'सुपरम्यूक' हा महासंगणकही कोमट पाण्यावर चालू लागला. चिपला ८० अंश सहज सोसतात. मग बाहेर ४३ अंशांची हवा असली तरी ५३-५५ अंशांचे पाणी तिला कोरड्या रेडिएटरमधून उष्णता देऊ शकते, एक थेंबही न उडवता. रेडिएटर मोठा लागतो आणि पंख्यांना थोडी जास्त वीज लागते, एवढीच किंमत. विद्यार्थ्याचा टेबलावरचा संगणक नेमका असाच चालतो. त्याने पाण्यात बर्फ टाकण्याचा बेत केला होता, तोही आम्ही रद्द केला. नळी हवेतल्या दवबिंदूपेक्षा थंड झाली की तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात, आणि ते पडतात मदरबोर्डावर. कूलरने दमट झालेल्या खोलीत तर लवकरच.

वर्गात करून पाहण्यासाठी

तांब्याची आणि ॲल्युमिनिअमची एकेक पट्टी मिठाच्या पाण्यात एकमेकींना न लागता बुडवा आणि मल्टिमीटर जोडा. काटा किंवा आकडा हलतो. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा थर असल्याने पूर्ण दोन व्होल्ट मिळणार नाहीत, अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळतील. मग पट्ट्या तारेने जोडून तशाच आठ-दहा दिवस ठेवा आणि कोणती पट्टी खाल्ली गेली ते मुलांना सांगू द्या. दुसरे काम गणिताचे. शाळेच्या कूलरमध्ये दुपारभरात किती बादल्या पाणी घालावे लागते ते मोजा आणि त्या पाण्याने किती उष्णता नेली ते काढा.

आमच्या विद्यार्थ्याने यादी पुन्हा लिहून आणली. ॲल्युमिनिअमचा रेडिएटर गेला, रंगीत द्रव गेला, आणि वाचलेल्या पैशांत चौथा पंखा आला. मागच्या बाकावरच्या मुलाने कूलरच्या बादल्या मोजायचे काम मागून घेतले आहे.